क्लबासाठी बिराजदारची वाइन

शनिवार, फेब्रुवारी १९७४

क्लबात दर महिन्याला कुठली वाइन आणायची ते आजवर मीच ठरवत आलो. गोव्याची गोड पोर्ट, सगळ्यांना परवडणारी. कुणाची कधी तक्रार नाही. आज मिलमधला नवा इंजिनिअर बिराजदार हैदराबादची लाल वाइन घेऊन आला. "थोडी महाग आहे, पण चाखून तर बघा," म्हणाला, आणि थेट माझ्या बायकोकडे वळला. "शांतावहिनी, तुम्ही सांगा."

माझी पोर्ट शांता नुसती ओठाला लावते आणि ग्लास खाली ठेवते. आज तिनं दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला. वर हसलीसुद्धा! "ही लई छान आहे की."

मग हात वर करून मतं घेतली. पोर्टसाठी एकच हात, माझा. शांताचा हात बिराजदारच्या बाजूनं.

दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला तिनं. वाइन आवडली म्हणून, की त्यानं विचारलं म्हणून? मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येताना टांग्यात ती म्हणाली, "खरं सांगा, तुम्हाला तुमचीच आवडली?"

"हो तर," म्हणालो.

साफ खोटं. त्याची वाइन खरोखरच चांगली होती. जास्त राग या गोष्टीचाच येतोय.