पिवळ्या दोऱ्याची गाठ

४ नोव्हेंबर, सोमवार

आज रितेशशी कडाक्याचं भांडण झालं. पोटच्या मुलाशी, आपल्याच दुकानात, नोकरांच्या देखत! कुकटपल्लीच्या नव्या दुकानापुढे म्हणे स्टेज घालायचं, गरीब घरच्या लग्न ठरलेल्या पन्नास मुली उभ्या करायच्या, सगळ्यांना एकसारखी साडी, पिशवीवर दुकानाचं नाव — आणि फोटो! "पप्पा, लाइट लो ना! तुम्ही पण तेच करत होता."

तेच? देगलूरकडून इकडे तेलुगू मुलखात आलो तेव्हा सायकलला गाठोडं बांधून मलकपेठ ते विद्यानगर दारोदार साड्या विकल्या मी. एका दारात एक आई मुलीच्या लग्नासाठी म्हणून साडीवर नुसता हात फिरवत बसली आणि मग "नको" म्हणाली. तो हात डोळ्यांपुढून कधी गेला नाही. पहिलं दुकान टाकलं तेव्हाच ठरवलं — जिची ऐपत नाही त्या मुलीने हळद लावलेली पत्रिका घेऊन यावं, इतर गिऱ्हाइकांसारखं गादीवर बसावं, मनाला येईल ती साडी उचलावी. नाव लिहायचं नाही. मी पाठ फिरवून बसायचो, तोंडसुद्धा पाहायचं नाही. तारामती, आमची ही, घडी घालून द्यायची आणि पदराच्या कोपऱ्याला पिवळ्या दोऱ्याची बारीक गाठ बांधायची. आशीर्वादाची. अडतीस वर्षं चाललं. गेल्या माघात ही गेली आणि तेही थांबलं.

६ नोव्हेंबर

सात दुकानं माझ्या नावाची. एकाही ठिकाणी माझा शब्द चालत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

झाला एकदाचा कार्यक्रम. मला पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार. माइकवरून एकेका मुलीचं नाव, वर बाप काय करतो तेही — "ऑटो चालवतात." टाळ्या! एक सावळीशी पोर साडीची पिशवी तोंडापुढे धरून उभी राहिली. फोटोवाला तेलुगूत ओरडला — तोंड दाखव म्हणून. तिने पिशवी खाली केली. हार घालून बसलेला माणूस काय बोलणार?

घरी येताना गाडीत सूनबाई म्हणाली, "मामंजी, जेवून घ्या, गोळी घ्यायचीय." चांगली पोरगी आहे सुनीता. पण या घरात मला आता गोळीपलीकडे कुणी काही विचारत नाही.

१३ नोव्हेंबर

त्या मुलीचा चेहरा दुकानाच्या काचेवर लावलाय. माणसाएवढा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मलकपेठच्या दुकानात गेलो. गंगू तिथे तीस वर्षं साड्या दाखवते. जुन्या माणसांत आता ती एकच. तिच्यापुढे तरी मन मोकळं करावं, एवढाच हेतू. म्हटलं, "आपण कशी इज्जतीने देत होतो गं!" ती घड्या घालत राहिली. मी पुन्हा म्हटलं. म्हणायलाच नको होतं!

"शेठजी, राग नका धरू. माझ्या लग्नात बी तुमचीच साडी व्हती. एकोणनव्वद साली."

मला पत्ताच नाही. पाठ फिरवलेली ना!

"ती गाठ म्या ब्लेडनं काढली. समद्याच काढायच्या. वस्तीत ठावं व्हतं, पिवळी गाठ म्हंजी धर्माची साडी. काढली तरी भोक ऱ्हायलं. सासूनं पदर उलटा करून बघितलाच की."

"मग?"

"मग काय. मरस्तवर बोलून दाखवली." दुसरी साडी घडीला घेतली तिने. "हितं कामाला लागले त्याच साली तारामतीअम्मांच्या कानावर घातलं व्हतं. तुमाला सांगायची हिंमत नव्हती."

मग म्हणाली, "चहा सांगू?" मी हो म्हटलं. प्यायलोही.

१७ नोव्हेंबर

खरं लिहितो. इथे कोण वाचणार आहे? रितेशला मराठी वाचताना घाम फुटतो. आशीर्वाद वगैरे मी नंतर लोकांना सांगायला लागलो. कुणी फुकटची साडी बदलून मागायला आलं तर काउंटरवर ओळखू यावी, म्हणून ती गाठ. माझीच अक्कल! ही तेव्हा म्हणाली होती, "खूण कशाला? मुलगी नेसणार आहे ती." मी म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं?

तोंड पाहिलं नाही याचा केवढा अभिमान! आणि पदराला डाग लावून पाठवत होतो. रितेशने निदान उघड्यावर तरी केलं.

हिला गंगूने सांगितलं होतं. तरी ही बांधत राहिली! मला कधी एका शब्दाने बोलली नाही. माझा धाकच तसा. किती पोरींच्या पदराला भोकं पाडली आम्ही दोघांनी मिळून?

१८ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. सुनीता दोनदा येऊन गेली.

२१ नोव्हेंबर

हिचा शिवणाचा डबा सुनीताकडून मागून घेतला. तो दोरा जाळून टाकायचा होता. गंगू कामाला लागली त्या वर्षी जुना दोरा संपला म्हणून मी बेगमबाजारातून पिवळी रिळं आणून दिली होती, डझनभर. बाराच्या बारा डब्यात आहेत. एकाचीही कागदी पट्टी फाडलेली नाही.

दर साडीला मी पाठ फिरवून विचारायचो, "गाठ बांधली?"

ही म्हणायची, "बांधली."