मेंदूचा काप आणि बाबांचा खर्रा

६ जाने., अमरावती
आज प्रयोगशाळेत पहिल्यांदा काप जगला. उंदराच्या मेंदूचा, नखाएवढा, पातळ. मिठाच्या पाण्यात ठेवला, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. उंदीर सकाळीच गेला. काप दुपारपर्यंत जिवंत. गाईड मॅडम म्हणाल्या, जेवून ये. गेले नाही. बघत बसले.

१० जाने., अकोला
बाबांना दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. गालाच्या आतला पांढरा चट्टा वाढलाय. तुकडा काढून तपासायला पाठवला. खर्रा, तो घोटलेला तंबाखू-सुपारीचा, आजपासून बंद. एसटीवर ड्रायव्हर होते तेव्हापासूनचा खर्रा, रात्रीच्या गाडीत डोळा लागू नये म्हणून सुरू केलेला. बार्शीटाकळीला घरी पोचलो. मग आईला म्हणाले, "सोडतो. पण मले कोनी काही इचारू नका."

१५ जाने., अमरावती
कापाला तंबाखूतलं निकोटिन दिलं. डोपामिन सुटलं, मेंदूला 'पुन्हा हवं' म्हणायला लावणारं रसायन. आलेखावर उंच टोक. हे पुस्तकात होतंच. तरी.

१९ जाने.
आज नॉरनिकोटिन (लांबलचक नाव, यापुढे नॉनि.). शरीरात निकोटिनपासूनच बनतं, थोडंसंच, पण मेंदूत त्याच्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. मला वाटलं होतं, उरलासुरला गाळ, काय करणार. त्यानंही डोपामिन सोडवलं! मात्रा वाढवली तसं आणखी.

२० जाने.
मॅडमना खात्री नाही. मेलेल्या पेशींतून गळत असेल, म्हणाल्या, पाण्यातलं कॅल्शियम काढून बघ; जिवंत पेशीला सोडायला ते लागतं, गळतीला नाही. काढलं. नॉनि. दिलं. जवळजवळ सपाट रेघ. दुसऱ्या कापाला कॅल्शियमसकट दिलं, पुन्हा टोक. म्हणजे गळती नाही. पेशी स्वतः सोडतायत, जित्या मेंदूत सोडतात तशाच. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

२२ जाने.
आईचा फोन. बाबा धड जेवत नाहीत, अंगणात फेऱ्या मारतात, कुत्र्यावर ओरडतात. आई म्हणे, खर्रा तं सुटला, मंग आता काहून असे करतात? निकोटिन, नॉनि., दोन्ही एव्हाना अंगातून गेलं असणार. पण त्या पेशींना इतक्या वर्षांची सवय. हे आईला फोनवर कसं सांगू. म्हटलं, थोडं सांभाळून घे.

२८ जाने.
बाबा आले. तुह्यं काम पाहाचं हाय, म्हणाले. मॅडमची परवानगी काढली. चपला दाराबाहेर काढून आत आले, कोणी सांगितलं नव्हतं. कापावर वाकून कितीतरी वेळ पाहिलं.
"उंदीर तं मेला. मंग हे काय करून राह्यलं?"
"काम करून राह्यलं, बाबा."
आलेख दाखवला. हे टोक कशानं, ते कशानं. माह्या डोक्यातबी असंच होते काय, विचारलं. म्हटलं, हा उंदीर आहे, नक्की सांगता येत नाही, पण बहुतेक. टोकावर बोट ठेवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मले वाटे, मीच कच्चा मानूस हाय."


त्यांना स्टँडवर सोडलं. गालाच्या तुकड्याचा रिपोर्ट सोमवारी. अकोल्याची गाडी लागलेली, पलीकडच्या टपरीवर एकजण प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होता. बाबा खिडकीशी बसले, टपरीकडे बघत. समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरलेली. गाडी सुटेपर्यंत मी तिथंच. बाबा खाली उतरले नाहीत.