येन्कोची वेगळी चूल

सोमवार, ६ मे
बादू गेला. ग्रुपवर लिहिलं, नोकरीमुळे वेळ मिळत नाही. येन्को म्हणजे घानातल्या आमच्या कुमासी शहरातल्या ट्रोट्रो, म्हणजे शेअर मिनीबस गाड्यांचे मार्ग दाखवणारं फुकट ॲप. मी संस्थापक, बाकीचे हौसेने राबणारे. पगार नाही, साहेब नाही, तरी वेळ नाही! असो. मोठ्या मनाने निरोप लिहिला, 'आमचं दार सदैव उघडं आहे.' त्याआधी त्याला ग्रुपमधून काढलं, शिस्त म्हणून. टीममधल्या पोकुआने विचारलं, मग तो हे वाचणार कसा? म्हणालो, भावना पोचतात.

गुरुवार, ९ मे
व्हिडिओ कॉल. पोकुआचं तेच तुणतुणं: लोकांनी केलेले बदल ॲपमध्ये घ्यायचा अधिकार एकट्या चेअरमनकडे का? अजून दोघांना द्या, कामं नाताळपासून पडून आहेत. मी म्हणालो, आपण असांते जमातीची माणसं, आपल्यात गादी एकच. ती म्हणाली, हो ना चेअरमन, पण गादीवर बसायचं असतं, तुम्ही चक्क आडवे झालात! सगळे हसले. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय.

रात्री आजोबांची आठवण आली. गावाने नानाला, म्हणजे राजालाच, गादीवरून उतरवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मारझोड नाही, काही नाही. पायातल्या वहाणा काढून घेतल्या. अनवाणी पाय जमिनीला लागला, राज्य खलास.
संकल्प: यापुढे मीटिंगला लेसचे बूट. दुहेरी गाठ. घरून असली तरी.

शनिवार, ११ मे
मतभेद हाताळण्याचं धोरण लिहून काढलं. कलम पहिलं: मतभेदाचा प्रत्येकाला पूर्ण अधिकार, माझ्या पूर्वपरवानगीने. मंजुरीसाठी सकाळी सभा ठेवली. बूट घालून बसलो. कोणी आलंच नाही. बायको काळे कपडे करून निघाली होती, दारातून म्हणाली, शनिवारी अख्खं कुमासी मयताला जातं, तुमची सभा कोण मेलंय म्हणून?
धोरण एकमताने मंजूर.

शुक्रवार, १७ मे
पोकुआ गेली. फोन केला तर म्हणाली, भांडून नाही दमले, वाट बघून दमले. मामपाँगच्या गाड्यांचा थांबा हलला, मी बदल पाठवला, तुम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाहीत. मी म्हणालो, चांगल्या कामाला वेळ लागतो. तिने फोन ठेवला. रेंज गेली असणार.

बुधवार, २२ मे
आमच्याच कोडची प्रत घेऊन पोकुआने वेगळी चूल मांडली. बादूही तिकडेच. आता बरा वेळ मिळाला! नाव ठेवलंय 'येन्को पा'. पा म्हणजे चांगलं. म्हणजे माझं काय, वाईट?
कायद्याने काही करता येत नाही. 'कोणीही घ्या, बदला, वाटा' हे पहिल्या दिवशी मीच लिहिलं होतं. 'कोणीही' म्हणजे परदेशातलं कोणी, असं माझ्या मनात होतं.
एकूण बरंच झालं. आता टीममध्ये मतभेद शून्य. टीममध्ये मी.

शुक्रवार, ३१ मे
सासूबाई मामपाँगला परत निघाल्या. येन्कोवर थांबा मीच काढून दिला, अभिमानाने. त्या जुन्या जागी गेल्या. तिथे आता पत्र्याचं कुंपण. भर उन्हात बॅगेवर बसून राहिल्या, शेवटी चक्कर आली. मक्याची केंकी विकणाऱ्या बाईने पाणी पाजलं आणि घरी आणून सोडलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, जावईबापू, मी तुमचं काय वाईट केलं होतं?
लाज वाटली. खरंच वाटली. पोकुआचा बदल उघडून पाहिला. हाच थांबा.
बायकोने आईच्या फोनवर येन्को पा टाकून दिलं. मला विचारलं नाही.

शनिवार, ८ जून
दोन्ही चुली एक करायचं ठरवलं, मोठेपणा आपणच दाखवायचा. येन्को पाला पहिला बदल पाठवला: मुखपृष्ठावर संस्थापकाचं नाव, जरा ठळक. लगेच उत्तर: 'नवोदित मित्रा, स्वागत! तुझ्या उत्साहाची कदर आहे. सुरुवात शुद्धलेखन सुधारण्यापासून कर. प्रमुख व्यस्त असतात, धीर धर.'
किती हे उर्मट! मग ओळखलं. हे आपोआप जाणारं उत्तर माझंच. प्रतीबरोबर तेही गेलं.

रविवार, १६ जून
येन्को पाची बैठक, पोकुआच्या आईच्या घरी. मुद्दाम रविवारी ठेवतात, सगळे येतात. मी सल्लागार म्हणून गेलो. लेसचे बूट, दुहेरी गाठ. आत बादू, पोकुआ, पाच-सहा नवी पोरं, मोठ्याने वाद चाललेला. वाद घालून परत हसत होते.
पोकुआची आई दारात पोछा घेऊन उभी. म्हणाली, आत्ताच पुसलंय बाबा, बूट बाहेर काढ.
गाठ सुटेना. उंबऱ्यावर बसून स्वतःच्याच हाताने सोडवली. कोणाचं लक्षही नव्हतं. पोकुआ म्हणाली, या चेअरमन, थांब्यांच्या नावांचं शुद्धलेखन बघणार का?
आत गेलो. फरशी गार होती.