माझ्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघ्याने शेवटी राजीनामा दिला! डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय पेडलवर ठेवायचा नाही. ऑपरेशन करूच, पण तोवर गाडी बंद." मी म्हटलं, अहो, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. तर म्हणाले, "मग दुसऱ्यांना चालवू द्या." जसं काही सव्वीस वर्षं मी दुसरं काही करत होतो.

अडचण धंद्याची नाही. शिकाऊ मंडळींना महिनाभर सुट्टी देऊन टाकली. त्यांना हायसंच वाटलं असणार. अडचण लेकीची आहे. महिनाअखेरीला बाळंत होणार, राहते ऐंशी किलोमीटरवर, आणि जावई बोटीवर — एप्रिलशिवाय येत नाही. फोन आला की आम्ही दोघांनी गाडी काढून निघायचं, असं ठरलं होतं. आता काढणार कोण?

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काढीन." मी हसलो. ती हसली नाही.

५ फेब्रुवारी

हिने शिकाऊ लायसन्स चार महिन्यांपूर्वीच काढून ठेवलंय! डाळीच्या डब्याखालून काढून टेबलावर ठेवलं. "तुमचा गुडघा मला डॉक्टरांच्या आधी कळतो."

अख्ख्या गावाला गाडी शिकवली आणि घरची बाई रिक्षाने फिरते. दिव्याखाली अंधार. वीस वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, तेव्हा मी म्हणालो, "तू घाबरशील." कोण घाबरत होतं ते तिने तेव्हाही विचारलं नाही. गुणाची आहे.

६ फेब्रुवारी

पहिला धडा. सात वेळा वाचवलं!

आमच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. माझा डावा पाय कायम त्याच्यावर. खरं सांगायचं तर तो पाय कुठेही ब्रेक मारतो. शेजाऱ्याच्या गाडीत, सोफ्यावर टीव्ही बघताना, न्हाव्याच्या खुर्चीत. झोपेत तर विचारूच नका — हिच्या नडगीवर कायमचा काळानिळा डाग. धंद्याची सवय, सांगतो मी सगळ्यांना.

९ फेब्रुवारी

पाच वेळा. प्रगती आहे. माझीच, तिची नव्हे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नापास!!

इन्स्पेक्टर माझ्या जागेवर बसले. मी कट्ट्यावरून बघत होतो. हात दाखवणं झकास, गिअर लोण्यासारखे. शेवटी खांबापाशी थांबायचं — ही जातेय, जातेय, आणि खांबाला बंपर टेकवूनच थांबली. माझा पाय कट्ट्यावर एवढ्या जोरात आपटला की चप्पल उडून गटारात.

इन्स्पेक्टर म्हणाले, "बाई, सगळं उत्तम. पण ब्रेक दुसरं कोणीतरी मारेल म्हणून वाट बघता. साहेबांच्या स्कूलची सगळीच मंडळी तशी." सगळीच! सव्वीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

घराशी आल्यावर ही म्हणाली, "ब्रेक मला शिकवलाच नाहीत तुम्ही. मारू कधी दिलात?"

पुन्हा परीक्षा सव्वीसला. लेकीची तारीख अठ्ठावीस.

१३ फेब्रुवारी

आज धडा नाही. मी घरी गुडघा शेकत बसलो. मेकॅनिक घ्यायला आला होता, त्याच्याबरोबर ही गॅरेजला जाऊन आली. ऑइल बदललं म्हणे.

१४ फेब्रुवारी

चार वेळा वाचवलं. आणि काय सांगू — माझा पाय किती हळुवार झालाय! गाडी अशी थांबली की हातात चहा असता तर थेंब सांडला नसता. म्हातारपणी हात थरथरतात म्हणतात, माझा पाय मात्र सुधारतोय.

१७ फेब्रुवारी

शाळेसमोर रस्त्यात चेंडू आला. चेंडूमागे पोर येणार, हे मी जाणतो. दाबला! गाडी जागच्या जागी. पोर आलंच, चेंडू उचलून पळालं. मी छाती फुगवून म्हटलं, "बघितलंस? असा मारायचा ब्रेक!"

"हो का? शिकते हळूहळू," म्हणाली. मग तिला बराच वेळ खोकला येत होता. हवा बदलतेय, आल्याचा चहा करायला सांगितलं. मीच करायला हवा होता.

लेकीचा फोन — "बाबा, आईवर ओरडू नका हं. आणि तुम्ही नक्की याल ना?" येऊ म्हटलं. वचन देऊन मोकळा झालो, मी कोण लागून गेलोय!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज भांडण. मी म्हटलं, परीक्षेत पास झालीस तरी घाटातून एवढं अंतर तुझ्याच्याने व्हायचं नाही, भाड्याची गाडी सांगू. ती म्हणाली, "भाड्याच्या गाडीत तरी तुमच्या पायाशी ब्रेक असणार आहे का?" मी म्हटलं, ती सवय आहे, धंद्यामुळे लागलेली.

तर हातातली कपड्यांची घडी तशीच ठेवून म्हणाली, "लाथा आधी सुरू झाल्या. स्कूल नंतर काढलंत. नडगी माझी आहे, मला नाही का माहीत?"

मी ही वही काढून बसलो.

हे कधी लिहिलं नाही, आज लिहून टाकतो. पोरांना सांगितलंय गुडघ्याला गोळी लागली. लोकांना गोळी आवडते. गोळीबिळी काही नाही, डॅशबोर्ड लागला. लढाईत मी ट्रक चालवायचो, आम्ही दोघं आळीपाळीने — मी आणि गवई. सतत गायचा, बेसूर, म्हणून गवई. त्या दिवशी माझी पाळी संपली होती, तो चालवत होता. सकाळी आठ, धुकं. पुढचा पूल अर्धा उडालेला मला आधी दिसला. त्याला नाही दिसला, तो कडव्यात होता. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. पाय मात्र आठवतो. सगळ्या ताकदीनिशी दाबला. खाली नुसता पत्रा. त्या बाजूला ब्रेक नसतोच.

मी वर आलो. गवई नाही आला.

आणि मग मी असा धंदा काढला जिथे त्या बाजूलाही ब्रेक असतो! वर पाटी — 'निर्धास्त शिका'. काय शहाणा माणूस! सव्वीस वर्षं लोकांची फी घेऊन स्वतःचं औषध चाललंय. आणि त्यापायी अर्धं गाव ब्रेक न शिकता रस्त्यावर सोडलंय.

सगळं तिला वाचून दाखवलं. रडली. मग म्हणाली, "भाड्याची गाडी नाही सांगायची."

२३ फेब्रुवारी

फक्त दोनदा. आज पाय उचलून ठेवायचा प्रयत्न केला. पहिल्या चौकापर्यंत टिकला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पास! खांबापासून हातभर अंतरावर, अलगद. इन्स्पेक्टर मला म्हणाले, "साहेब, शेवटी शिकवलंत म्हणायचं." मी मान डोलावली. श्रेय फुकट मिळत असेल तर मी कशाला सोडू?

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी दोनला फोन. लेक म्हणाली, "आई, निघा." मला काहीच नाही, थेट "आई"!

ऐंशी किलोमीटर ही चालवत होती. घाटात धुकं उतरलं. माझं सगळं अंग आखडलं. समोर आडवा ट्रक, बंद पडलेला, दिवे नाहीत. मी जीव खाऊन दाबला. थांबली! दोन हात अलीकडे. मला घाम फुटलेला, आणि ही शांतपणे म्हणाली, "दिसला होता मला." मी मनात म्हटलं, हो, हो, दिसला असेल, पण वाचवलं कोणी?

साडेचारला हॉस्पिटलच्या दारात. जीव भांड्यात पडला. लेकीने हात धरून ठेवला माझा. वेळेवर पोचलो!

१ मार्च

नात! पहाटे पाच चाळीस. आवाज खणखणीत आणि बेसूर. मी रडलो. नर्सने मला खुर्ची दिली, बाळंतिणीला नव्हे, मला.

४ मार्च, बुधवार

चार दिवसांसाठी घरी आलोय, उद्यापासून शिकाऊ मंडळी परत येतील म्हणून गाडी मेकॅनिककडे नेली. म्हणजे हिने नेली. मेकॅनिकने विचारलं, "साहेब, तुमच्या बाजूचा ब्रेक आता परत जोडू ना? बाईंनी तेरा तारखेला सोडवून घेतला होता. स्प्रिंग तेवढी ठेवली होती, तुम्हाला कळू नये म्हणून."

तेरा तारखेला! म्हणजे चेंडूपाशी गाडी तिने थांबवली. घाटातल्या ट्रकपाशीही तिनेच. गवईच्या ट्रकमध्येही माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, शनिवारीही नव्हता. शनिवारी पोचलो.

मेकॅनिकला म्हटलं, शिकाऊंसाठी जोड. पण रविवारी नातीकडे निघायच्या आधी परत काढून दे.