सुर्वेसरांची मेडुसा

६ जानेवारी १९८६, सोमवार
सुपरवायझर आत्माराम सुर्वे यांनी आज माझी ड्रॉइंग रूम काढून घेतली. तिथे आता लेझमी ठेवणार. माझा तास व्हरांड्यात, सायकलींच्या शेजारी. जाब विचारला तर म्हणाले, चित्रं काय, कुठेही काढता येतात. सूड घेणार. रूमही परत घेणार. पण शांत डोक्याने. (दुपारी डोकं शांत नव्हतं. अख्ख्या नववी ब ला उठाबशा.)

८ जानेवारी
वाचनालयात प्राचीन ग्रीक कलेवरचं जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात मेडुसा. केसांच्या जागी साप, जीभ बाहेर, बघेल त्याचा दगड. ग्रीक लोक तिचं तोंड मडक्यांवर रंगवायचे. प्लॅन तयार! नववी ब ची चाळीस मुलं, चाळीस मडकी, मेडुसाला तोंड सुर्व्यांचं. १ फेब्रुवारीच्या शाळेच्या प्रदर्शनाला शिक्षणाधिकारी येणार. ते ओळखणार, हसणार, सुर्वे संपणार.

१३ जानेवारी
मुलांना भागोजी कुंभाराकडे नेलं. ग्रीक मडक्याला दोन कान हवेत, हे त्याला पटेना. कानवालं मडकं चुलीवर बसत नाही म्हणे. ग्रीसमध्ये बसायचं, असं ठणकावून सांगितलं. (खात्री नाही.) मुलांनी स्वतःच्या हाताने माती मळून कान लावले.

२० जानेवारी
मडकी भाजून आली. अकरा कान गळाले. चूक भागोजीची.
रंगकाम सुरू. सुर्व्यांचं नाव घेणं धोक्याचं, म्हणून एवढंच म्हणालो, "शाळेत ज्याला बघून तुमचा दगड होतो, त्याचं तोंड काढा." पोरं हुशार, लगेच कामाला लागली. सारखी मान वर करून माझ्याकडे बघत होती. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. प्रेम, दुसरं काय! मरियमने हळूच विचारलं, तोंडावर चष्मा रंगवला तर चालेल का. सुर्व्यांना चष्मा नाही, पण कलेत थोडं स्वातंत्र्य हवंच.

२७ जानेवारी
रंगकाम पूर्ण. चाळिसांनाही चष्मा. साप फक्त कानांपाशी, मधे टक्कल. सुर्व्यांचे केस दाट. पकडलं जाऊ नये म्हणून मुलांनी मुद्दाम उलटं काढलं असणार. हा धूर्तपणा माझ्याकडूनच शिकली.

१ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी
शिक्षणाधिकाऱ्यांनी मडकं बघितलं. मग मला बघितलं. परत मडकं. मग तोंडाला रुमाल लावला. सुर्वे हसून हसून बाकावर बसले.
मरियमला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "सर, आम्ही सगळी तुम्हालाच घाबरतो." सुर्व्यांना कोणीच घाबरत नाही म्हणे.
अकरा वर्षं शिकवतोय. फार वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी
रूम मागायला गेलो. सुर्वे म्हणाले, रूम नाही, पण मडकी फार छान. हेडमास्तरांना विचारून सगळी स्वतःच्या आंब्याच्या बागेत टांगायला नेताहेत. वानरांचा त्रास वाढलाय.
नवा प्लॅन. रविवारी जाऊन चाळीसही फोडणार.

२३ फेब्रुवारी, रविवार
दोन रविवार पाय दुखत होता. आज गेलो. पिशवीत धोंडे. ओळीने कलमं आणि प्रत्येक कलमावर मी. काही मडक्यांशेजारी वानर निवांत बसून कैऱ्या खात होते. मी फाटक उघडलं, आत पाऊल टाकलं, तसे सगळे कैऱ्या टाकून पळाले.
राखणदार सदू बघत होता. लगबगीने जवळ आला, हात जोडले आणि म्हणाला, "मास्तरानू, मडक्यांना ते आता सरावलेत. तुमी सोता रोज येवाल काय?"