आधी रस, मग गाव

आये, यंदा आपल्या गुऱ्हाळाचं चुलाण पेटलं नाही. भाऊबीजेला गेले तेव्हा ते जागेवर होतं, संक्रांतीला गेले तेव्हा नव्हतं. दादानं ते पाडून जागा नांगरून घेतली. नांगराबरोबर भाजलेली माती वर आली आहे. सगळं रान काळं आणि मधेच तेवढा एक विटकरी रंगाचा तुकडा. मी बांधावर उभी राहिले, पण त्या तुकड्यावर पाय टाकायचा धीर झाला नाही. वहिनी म्हणाली, "तितं काय यीतंय का बगायचं, वन्सं. भाजल्याली माती हाय, चार वर्सं तरी जाऊ द्या." एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तू गेलीस त्याला वीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत तुला कधी काही लिहावंसं वाटलं नाही, असं नाही. पण रोज रात्री डायरी लिहिते, त्यात तू येतेस आणि तेवढ्यावर भागतं. या वेळी भागेना. घडलं ते तुलाच सांगायला हवं, कारण ते तुझ्या एका शब्दापाशी जाऊन थांबतं.

तुला आठवतं का, माहीत नाही. मी तेव्हा दुसरीत की तिसरीत होते. आण्णा पलटणीत, म्हणून बापाच्या जागी दादा उसाच्या चरकावर, आणि तू रस उकळत्या काहिलीजवळ पदर खोचून उभी. रस्त्यानं एक माणूस आला. डोक्याला मुंडासं, पायांत धूळ, खांद्यावर घोंगडं. सावलीला टेकला. तू माझ्या हातात रसाचा पेला दिलास. मी तो नेला आणि शाळेत शिकवल्यासारखं स्पष्ट विचारलं, "तुमचं गाव कंचं?" त्यानं पेल्याला लावलेला हात मागे घेतला आणि गाव सांगितलं, मग कोणाकडे चाललो तेही सांगितलं, आणि मग संकोचून प्यायला. तो गेल्यावर तू मला जवळ ओढलंस. मला वाटलं, मारतेस. तू फक्त म्हणालीस, "आदी पिऊ दे. मंग इचार गाव." मी विचारलं, का? तू झाऱ्यानं मळी काढत म्हणालीस, "त्यो पितोय का आपल्याला हिशोब देतोय?" गाव कळलं की माणूस कुणाचा कोण ते कळतं, आणि मग देणाऱ्याचा हात आपोआप सैल किंवा आखडता होतो, हेही तूच तेव्हा सांगितलंस की मोठेपणी मी जुळवलं, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. पण तेव्हापासून आपल्या गुऱ्हाळावर हाच रिवाज राहिला. ढेप घेणाऱ्याला ढेपेचा भाव, पण रस आणि पानावरची गरम काकवी जो येईल त्याला, आणि चौकशी प्यायल्यावर. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तू तिला पहिल्यांदा काय शिकवलंस म्हणून मी विचारलं होतं. तिनं हेच सांगितलं.

कोयनेच्या धरणीकंपात चुलाणाला उभी चीर गेली होती. ती दादानं लिंपली. पण पुढं सगळा गाव कारखान्याला ऊस घालू लागला. गुळव्या मिळेना, चरकाला माणूस मिळेना, पेठेत गुळाला कोणी विचारीना. दोन वर्षांपूर्वी दादा म्हणाला, "बाय, आता हे हौसंचं काम झालं गं. औंदाचा शेवटचा हंगाम." मी तेव्हा सांगलीत एका समितीवर होते. मुंबई-पुण्याची माणसं महाबळेश्वर बघून तशीच परत जातात, त्यांना खाली कृष्णाकाठी आणावं, शेतातला माल शेतातच दाखवावा आणि शेतकऱ्याच्याच हातून विकावा, अशी ती कल्पना. वाट ठरवली होती. कराडजवळ गुऱ्हाळ, सांगलीत हळद साठवायची पेवं, तासगावला द्राक्षांची बाग. फाट्याफाट्यावर पिवळा बाण रंगवलेल्या पाट्या लावायच्या. गुऱ्हाळ कोणतं घ्यायचं यावर मी आपलं सुचवलं आणि दादाला म्हणाले, अजून एक हंगाम थांब. बाण लागला की माणसं येतील, छोट्या ढेपा घेऊन जातील, चुलाण राहील. दादा हसला. "मुंबईची माणसं गूळ बगाय येणार? आन् मंग आमी काय बगाय जायाचं, त्यांचं दुकान?" पण थांबला. माझ्या शब्दावर थांबला, आये.

सहलीच्या तिकिटाला तीन कुपनं होती, प्रत्येक थांब्याचं एक. पाहुण्यानं उतरल्यावर कुपन द्यायचं आणि मग रस, द्राक्षं, जे असेल ते घ्यायचं. कोणता थांबा पुढल्या वर्षी ठेवायचा, हे जमा झालेल्या कुपनांवरून ठरणार होतं. हा नियम माझाच. एका थांब्यावर माझा सख्खा भाऊ होता. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनी माहेरची सोय पाहिली, म्हणून सभेत मीच आग्रह धरला की नियम सगळ्यांना सारखा आणि त्यात तोंडी सबब चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला स्वतःबद्दल बरं वाटलं. कुपन आधी आणि रस मग, हे मी माझ्या अक्षरात लिहून दिलं, आणि लिहिताना मला तुझी आठवण झाली नाही. याचंच मला अजून नवल वाटतं.

वहिनीला मी दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "घीन की. त्यात काय." पहिल्या गाडीत मी कराडला चढले. पाट्यांवरचा रंग अजून ओला दिसत होता. फाट्यावर गाडी वळली आणि मला दुरूनच चिपाडांचा धूर दिसला. गाडी थांबली. वहिनी नवं लुगडं नेसून उभी. ताटात पेले, तुझ्या वेळचे, चिंचेनं घासून लख्ख. मी सगळ्यांच्या पुढे होते. मुद्दाम पुढे झाले होते, मी कुपन दिलेलं पाहिलं म्हणजे मागचे देतील म्हणून. मी पर्स उघडली. वहिनीनं पेला पुढे केला आणि हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आवं वन्सं, पर्स कशाला उघडताय? प्या की आदी." मागच्या बायकांनी आपापल्या पर्सा मिटल्या. पुरुषांनी खिशातले हात बाहेर काढले. आणि मग सगळे प्यायले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसरा पेला मागितला, दादानं त्यांना तिसरा दिला. पोरांनी उसाची कांडकी गरम पाकात बुडवून घेतली. पिऊन झाल्यावर वहिनी एकेकीला विचारू लागली, गाव कंचं, माहेर कंचं, लेकी किती. एकीचं माहेर वहिनीसारखंच कोरेगावचं निघालं, मग काय विचारतेस. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला तेव्हा सगळे पळत गाडीत चढले. एका बाईंनी खिडकीतून वाकून वहिनीचा हात धरला होता.

पुढं हंगामभर असंच झालं. गाड्या आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ थांबत, पुढं हळदीच्या पेवांना उशिरा पोहोचत. कोणी कोणी कुपन पेल्याखाली ठेवून जात. ती रसानं चिकटत आणि पेले विसळताना निघून जात. वहिनीला मागायचं कळत नव्हतं असं नाही. ती मला म्हणाली, "पिऊन झाल्यावर मागावं म्हनती, पन तवर वळख झाल्याली असती. वळखीच्या मानसाला काय मागायचं?" ढेपांचंही तेच. रस पिऊन, काकवी खाऊन तृप्त झालेल्या माणसाला गूळ घ्या म्हणून ती सुचवीना, आणि तो संकोचानं विचारीना.

हंगाम संपल्यावर सभा झाली. कार्यवाह सज्जन माणूस होता, निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा पुसला, जमलेली कुपनं मोजली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुऱ्हाळावर फारसं कोणी उतरलेलं दिसत नाही." मी सगळं पाहिलं होतं. त्या गाडीतली माणसं परत पुण्याला जाऊन कशाबद्दल बोलली, तेही त्यांतल्या एकीनं मला कळवलं होतं. मी उठून सांगायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि गुऱ्हाळ माझ्या भावाचं होतं, आणि तोंडी सबब चालणार नाही हे शब्द माझे होते. मी बसून राहिले. ती सचोटी होती की नावाला जपणं होतं, यावर मी किती पानं लिहिली असतील, आये. अजून ठरलेलं नाही. फाट्यावरची पाटी निघाली. पुढच्या गावी एकानं रसाची मशीन बसवली आहे, बाण आता तिकडे वळतो.

संक्रांतीला दादानं कारखान्याकडे केलेली उसाची नोंद दाखवली, तिळगूळ दिला. वाण्याकडच्या गुळाचा. मी तो तोंडात टाकला आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघू लागलो.

परतताना मिरजेला थोडं काम होतं. स्टेशनाबाहेर उभी होते आणि तुझा तो दवाखाना आठवला. मी कॉलेजातून रोज सांगलीहून यायचे. शेवटच्या दिवशी सकाळी आले तेव्हा तुझी खाट मोकळी होती. शेजारच्या खाटेवर जतकडची एक मेंढपाळाची बाई होती. तिनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "तुज्या आईनं काल मला मोसंबीचा रस पाजला. तिला दिल्याला, तिनं मला पाजला. मंग इचारलं, बाई, तुजं गाव कंचं. मी सांगाय तोंड उगडलं, तर तिचा डोळा लागल्याला. म्हनलं, सकाळी सांगू." मग तिनं ते गाव मला सांगितलं. दोनदा सांगितलं, मी विसरू नये म्हणून. मी विसरले नाही. पण तुला कसं कळवायचं, ते मला इतक्या वर्षांत समजलं नाही.

चुलाण होतं तोवर मला वाटायचं, तू तिथंच कुठं तरी काहिलीच्या वाफेमागे उभी आहेस आणि कधीतरी मी तुला ते गाव सांगेन. आता ती जागाच उरली नाही.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. माझं पहिल्या गाडीचं कुपन अजून माझ्या पर्समध्ये आहे. गडबडीत द्यायचं राहून गेलं, असं मी पहिल्या फेरीनंतर समितीत सांगितलं होतं. ते खरं नाही. वहिनीनं पेला पुढे केला तेव्हा कुपन माझ्या बोटांत होतं. मी ते तिच्या ताटात ठेवलं असतं तर मागच्या सगळ्यांनी ठेवलं असतं, हे मला त्या क्षणी पुरतं कळत होतं. पण पेला तुझा होता, आणि मला तहान लागली होती. मी आधी प्यायले.