दाराआडचे दोन अभ्रे

ता. २

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सोबत गोधडी नव्हती, तेव्हा पत्र तुझंच आहे याची खात्री पटली.

इकडची बातमी अशी की चिरंजीवांनी माझी तारीख ठरवून टाकली. तीस तारखेला सकाळी हे घर रिकामं करायचं आणि मी त्यांच्याकडे राहायला जायचं. तिथे मला अर्धी खोली मिळणार आहे. उरलेल्या अर्ध्या खोलीत सूनबाईंची व्यायामाची सायकल आधीपासून राहते. सामान दोन ट्रंकांत मावेल एवढंच आणायचं, हे मला तीनदा आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त प्रेमाने सांगण्यात आलं आहे. कपाट सुतार घेऊन गेला, भांडी शेजारी गेली, आमच्या ग्रंथपाल नवऱ्याची पुस्तकं त्याच्याच वाचनालयाने ठेवून घेतली. नवरा जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याचं म्हणून जे काही उरलंय ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे.

ते आठ शर्ट. आठवतात ना? मला ते टाकवत नव्हते आणि कपाटात बघवतही नव्हते, म्हणून मी ते तुझ्याकडे आणून दिले. महिन्याभरात गोधडी करून देते, असं तू म्हणाली होतीस. कुठला महिना ते मी विचारलं नाही, ही माझीच चूक. मी स्वतःच केली असती, पण माझं शिवणकाम बटणापाशी येऊन थांबतं हे तू जाणतेस; आणि तेही हाताला लागेल त्या दोऱ्याने, म्हणजे नेहमी लालच.

मला ती गोधडी तीस तारखेच्या आत हवी आहे. परक्या खोलीत अंगावर घ्यायला काहीतरी ग्रंथपालांचं असावं, एवढंच. मग सायकलशी मी जुळवून घेईन.

भाऊजींना नमस्कार. गावभर लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाला घरातला तुझा पसारा दिसत नाही, तुमचा संसार बहुतेक त्यावरच टिकला असावा.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, गोधडी असावी.

तुझी,
बेबी

ता. ६

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे रागाने दिले आहेत, ते वेगळे काढून ठेव.

पसारा म्हणालीस ते मनाला लागलं. माझ्याकडे पसारा नाही, शिस्त आहे. प्रत्येक काम एकेका उशीच्या अभ्र्यात राहतं आणि अभ्र्याला चिठ्ठी टाचलेली असते. उशा उघड्या झोपतात, पण कामाचा गोंधळ होत नाही. सध्या सहा कामं चालू आहेत. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांसाठी क्रॉस स्टिचचं दीपगृह करतेय. त्याचा समुद्र झाला, दीपगृह राहिलंय. पोस्टमास्तरांच्या कुत्र्याचं चित्र एका डोळ्यावर अडलंय, कारण त्या तपकिरी रंगाची लडीच कुठे मिळत नाही. षटकोनी तुकड्यांची चादर आहे, तिचे चारशे तुकडे कापून झालेत आणि आता ते कुठल्या क्रमाने लावायचे होते ते मला आठवत नाही. भाच्याच्या बाळाचं दुपटं आहे. बाळ आता पहिलीत जातं, तेव्हा त्याला कडेने पट्ट्या जोडून वाढवावं म्हणते. टेबलावरचा रुमाल आणि मुळाक्षरांचा तक्ता हे तर तुला माहीतच आहेत. तक्ता 'ढ' पर्यंत आलाय. यावर तू काहीही लिहू नयेस.

तुझे शर्टही नीट आहेत. झोपायच्या खोलीच्या दाराआड अभ्र्यात टांगलेत, यांच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या अभ्र्याशेजारी. त्याला चिठ्ठी नाही, कारण काम सुरू केल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही असा माझा नियम आहे. सुरू का केलं नाही, तर कात्रीला धार नव्हती. धार लावून आणली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. मग दुपटं आलं. गोधडी म्हणजे काय पोस्टकार्ड आहे का, की घेतलं आणि लिहिलं?

तुझे भाऊजी म्हणतात, सायकल चालवून बघ, गुडघ्यांना बरं.

लोभ वाढला नाही तरी चालेल, तगादा वाढवू नकोस.

तुझी,
ताई

ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

'ढ' बद्दल मी काहीही लिहिणार नाही. तू आपणहून सांगितलंस, तेवढं पुरे.

आता जरा गंमत बाजूला ठेवते. कात्रीची धार, आभाळ, दुपटं हे सगळं मी वाचलं. तीन वर्षांत तुला चारशे षटकोन कापता आले आणि आठ शर्ट कापता आले नाहीत. तुला ते करायचंच नसेल तर तसं लिही. मी अभ्रा परत नेते आणि ट्रंकेतल्या दोन पातेल्यांच्या जागी कोंबते. तिथे स्वयंपाक सूनबाई करणार आहेत, मला पातेली कशाला?

आणि कापड काही अवघड नाही. ग्रंथपाल आणि भाऊजी वर्षातून दोनदा मिळून दुकानात जायचे आणि एकाच ताग्यातलं निळ्या चौकटीचं कापड घेऊन यायचे, हे विसरलीस का? शिंपीही एकच. दोघे साडू शेजारी उभे राहिले की बँडवाले आल्यासारखे वाटायचे. फरक एवढाच की आमच्या माणसाचे हात लांब, वरच्या फळीवरचं पुस्तक स्टुलावर न चढता काढणारे. आयुष्यभर तू भाऊजींचं तेच कापड हाताळलंस. तेवढंच कापायचंय.

लोभ आहेच, तो कुठे जातोय. सवड असावी.

तुझी,
बेबी

ता. २०

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी सगळेच चांगले आहेत.

कापले बाई एकदाचे. तुझं पत्र आलं त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दाराआडचा अभ्रा काढला, मनाचा हिय्या केला आणि अर्धे डोळे मिटून कात्री चालवली. आठही शर्ट दुपारपर्यंत संपवले. मग दीपगृह, कुत्रा सगळं पलंगाखाली ढकललं आणि गेले आठ दिवस दुसऱ्या कशालाही हात लावलेला नाही. पोस्टमास्तर जिन्यात भेटले तर मी तोंड चुकवते. वरची बाजू जोडून झाली. आता अस्तर लावून धावदोरा घालायचा राहिलाय. तीसच्या आत होईल. चिठ्ठीसुद्धा टाचली आहे.

एक सांगायचं राहिलं. तुझी बटणं मी आधी उसवून घेतली. इतकी घट्ट आणि नेटकी लावली होतीस की सुटता सुटेनात, पांढऱ्यावर पांढरा दोरा, मागे एवढीशी गाठ. मला भरूनच आलं. इतक्या वर्षांत तू सुधारलीस आणि मला कळवलंही नाहीस.

याच्या उलट आमच्याकडचा इस्त्रीवाला. यांनी सोमवारी दुकानात जाता जाता दाराआडचे कपडे त्याच्याकडे टाकले, तर त्याने शर्टांची पार वाट लावून ठेवली. इस्त्री ठीक आहे, पण बाह्या ओढून ओढून चार बोटं लांब केल्या. हे गिऱ्हाइकाला चष्मा लावायला जातात तर हाताऐवजी बाहीच पुढे येते. वर बटणं तोडून पुन्हा लावलीत, तीही लाल दोऱ्याने, जणू जखम शिवलीय. मी जाऊन त्याला चांगलं खडसावून आले. तो म्हणाला, आलं तसं दिलं. उलट बोलायला कमी नाही. असो. उद्या-परवा गोधडीचं अस्तर लावलं की गुरुवारी आठही शर्टांच्या बाह्या कापून आखूड करणार आहे. हे सातवं काम, पण कात्री हातात आहेच.

लोभ असू दे, कौतुकही थोडं असू दे.

तुझी,
ताई

ता. २२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं आणि मी चपला न घालता कोपऱ्यावरच्या दुकानात फोनला पळाले. तुझ्या खालच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर, माझ्या बाळंतपणात तुला निरोप पाठवायचो तेव्हापासून पाठ होता. कात्री खाली ठेव, बाह्यांना हात लावू नकोस, एवढाच निरोप त्यांना दिला. त्यांना तो वेडेपणाचा वाटला असेल. त्यांनी तो पोचवला असेल अशी आशा आहे.

ताई, मी जन्मात बटण नेटकं लावलेलं नाही. पांढऱ्यावर पांढरा दोरा आणि मागे एवढीशी गाठ, हे काम ज्या बाईचं आहे ती रोज तुझ्या आरशात दिसते. आता जा आणि भाऊजींच्या अंगातल्या शर्टाची लाल बटणं बघ. मग हे पत्र पुन्हा वाच.

लोभ असावा, आणि या वेळी डोळे उघडे असावेत.

तुझी,
बेबी

ता. २५

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर एका पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून दोन जिने चढून आले आणि धापा टाकत तुझा निरोप सांगून गेले. तेव्हा पहिल्या शर्टाची बाही मी खडूने आखली होती. कात्री लागली नव्हती. त्यानंतर मी कशालाच हात लावलेला नाही.

माझं चुकलं, बेबी. थट्टेत काही लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. तो अभ्रा तू दिलास तसा मी तीन वर्षांत एकदाही उघडला नव्हता. धार, आभाळ ही सगळी निमित्तं होती. मला भीती वाटायची. तुझे ग्रंथपाल मला सख्ख्या भावासारखे होते, आणि त्यांचे शर्ट कापले की ते गेले हे माझ्या हाताने पक्कं होणार होतं. म्हणून मी दीपगृह घेतलं, मग कुत्रा घेतला. शेवटी उघडला तोही भलताच अभ्रा. माझ्या नवऱ्याचे आठच्या आठ शर्ट कापून त्यांची सुंदर गोधडी केली, आणि त्यांना तुझ्या नवऱ्याचे शर्ट घालून दहा दिवस दुकानात पाठवलं.

यांना सांगितलं तर त्यांनी तिथल्या तिथे शर्ट उतरवला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि बनियनवर बसून राहिले. लाल दोरा त्यांना पहिल्याच दिवशी दिसला होता म्हणे. पण आमच्या लग्नानंतर त्यांनी एकदा माझ्या शिवणावर मत दिलं होतं, तेव्हापासून ते देत नाहीत. मग म्हणाले की आता अंगात घालायला घरात माझा एकही धड शर्ट नाही. मी म्हटलं नवे घ्या. त्यावर त्यांनी टेबलावरच्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "कापड घ्यायला आम्ही दोघे जायचो. मी एकटा गेलेलो नाही."

तीन वर्षांत यांनी एकही नवा शर्ट घेतला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी कळायला हवं होतं.

आता तू सांगशील तसं करते. अजून पाच दिवस आहेत. म्हणशील तर तुझे शर्ट कापून नवी गोधडी करते, म्हणशील तर तसेच परत देते. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

लोभ माझ्या हक्काचा उरलेला नाही, तरी मागते.

तुझी,
ताई

ता. २७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. बावीस तारखेला दुपारी पाऊण तास. मग भाऊजींची बाही चष्म्याच्या आधी गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत पोचते हे डोळ्यांसमोर आलं आणि रिकाम्या घरात एकटीच हसत बसले. हसता हसता रडले, ते वेगळं.

आता माझंही ऐक. मी दर पत्रात गोधडी मागत होते, आणि दर वेळी तुझं निमित्त वाचून मला हायसं वाटायचं. कापले नाहीत अजून, असं म्हणून मी पत्र घडी करून ठेवायचे. वीस तारखेच्या पत्रात 'कापले बाई एकदाचे' वाचलं तेव्हा मी होते तिथेच खाली बसले. पुढे लाल बटणांपर्यंत वाचलं आणि उभी राहिले ती थेट फोनपाशी. इतक्या ढिलाईने काम करून तू माझे शर्ट वाचवलेस. शहाण्या बाईला हे जमलं नसतं.

तेव्हा असं कर. झालेली गोधडी पुरी कर, ती मी नेते. एकाच ताग्यातलं कापड आहे, मला तेवढ्याने ऊब मिळेल. आणि भाऊजींचे शर्ट तू कापलेस, तेव्हा त्यांना शर्ट देणं मला भाग आहे. ते आठ त्यांनी फाटेपर्यंत घालावेत, रोज, दुकानात. टांगलेले नको आता, अंगावर असू देत. फाटले की मग बघू. तोपर्यंत कुत्र्याचा दुसरा डोळा करून टाक, पोस्टमास्तर म्हातारे होत चाललेत.

तीस तारखेला सकाळी दोघे मला पोचवायला या. भाऊजींना निळ्या चौकटीचाच घालून आण, खडू लागलेला असला तरी चालेल. बाह्या मात्र आखूड करू नकोस. ग्रंथपालांनाही त्या थोड्या लांबच व्हायच्या. रोज सकाळी दाराशी मी दोन घड्या घालून द्यायचे. त्याला सुई लागत नाही, तेवढं मला येतं. भाऊजींच्याही मीच घालीन.

कळावे. लोभ आहे.

तुझी,
बेबी